कमरेची दोरी



सज्जनहो, माघातल्या एका पहाटेची गोष्ट सांगतो. कीर्तनानिमित्त मुलुंडला मुक्काम होता. मुंबईच्या उपनगरांतली थंडी ती केवढी? २७ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, ती खरी थंडी. एरवी पंधरा-सोळा अंश झाले की मुंबईकर कानटोपी शोधू लागतो. त्या पहाटे मात्र डोंगराकडून बरे झोंबणारे वारे सुटले होते.

समोरून ओळखीचे एक वृद्ध वारकरी येत होते. येत होते कसले, ओढले जात होते! दोन हातांत दोन पट्टे आणि पुढे दोन उनाड कुत्री. एक ओढी कचऱ्याच्या पेटीकडे, दुसरे मांजरामागे. मला पाहून ते ओशाळले. म्हणाले, "मुलाची कुत्री आहेत, बुवा. फिरवायचं काम माझ्याकडं."

मी विचारले, "हल्ली हरिपाठाला दिसत नाही तुम्ही?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चातुर्मासात तुम्हीच कीर्तनात सांगितलंत, मन म्हणजे कुत्रं, त्याला काठीनंच आवरावं. तेव्हापासून काठी मारतोय. पण नामाला बसलो की ते जास्तच पळतं. जिभेवर विठ्ठल, अन् चित्तात पेन्शन, गुडघा, सुनेचं बोलणं. असलं खोटं नाम घेण्यापेक्षा माळ उतरवून ठेवावी म्हणतो."

भाविकहो, माझ्या काळजात चर्र झाले. टाळ्या मिळाव्यात म्हणून बोललेले एक वाक्य, आणि त्यापायी एका म्हाताऱ्याच्या गळ्यातली माळ उतरायची वेळ आली! उपदेश करणाराने तोलून बोलावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

आम्ही चहाच्या टपरीशी बसलो. त्यांचा नातू नोकरीनिमित्त नॉर्वेत असतो. त्याने मोबाईलवर एक चित्रफीत पाठवली होती, ती त्यांनी सहज दाखवली. चहूकडे पांढरे बर्फ, पायांना लांब पट्ट्या बांधलेला नातू, आणि पुढे धावणारी दोन खेळकर कुत्री. या प्रकाराला स्कीजोरिंग म्हणतात. शब्द नॉर्वेकडचाच. १९२८ साली सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ घोड्यांमागे धावून दाखविला गेला होता. कुत्र्यांमागे मात्र कोणीही गृहस्थ हौसेने धावतो.

मी ती चित्रफीत दोनदा पाहिली. म्हटले, "आजोबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर नातवाने धाडले आहे. नीट पाहा."

पहिली गोष्ट, त्याच्या हाती काठी नाही. ओढण्याची ज्याला मुळात आवड, तेच कुत्रे इथे उपयोगी. ज्या ओढीने तुम्ही मुलुंडला कचऱ्याच्या पेटीशी जाता, तीच ओढ तिकडे माणसाला वाटेने पुढे नेते. ओढ वाईट नव्हे, तिला वाट हवी. ज्ञानोबारायांनी सहाव्या अध्यायात मनाचा हाच एक चांगला गुण सांगितला आहे, की जिथे त्याला गोडी लागते तिथे ते सोकावते. म्हणून मनाला मारू नये, गोडी लावावी.

दुसरी गोष्ट, तिथे लगाम नाही. उपनिषदात शरीराला रथ म्हटले, इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम. इथे नुसता आवाज. डावीकडे, उजवीकडे, थांब, सारे तोंडाने सांगायचे. पहिल्या दिवशी कुत्रे ऐकत नाही, रोज तोच शब्द ऐकून ऐकून ते वळते. नामाचे तसेच आहे. मन स्थिर झाले म्हणजे नाम घेऊ म्हणाल तर जन्म सरेल. नाम घ्यावे, म्हणजे मन वळते.

तिसरी गोष्ट, नवख्या कुत्र्याला एकटे शिकवीत नाहीत. जाणत्या कुत्र्याच्या जोडीला बांधतात, त्याचे पाहून ते शिकते. हाच सत्संग. तुम्ही हरिपाठ सोडून घरी एकटेच मनाशी झुंजत बसलात, तिथेच चूक झाली.

चौथी गोष्ट, मागचा माणूस नुसता उभा नसतो. तोही पाय मारतो, तोल सांभाळतो, पडला तर उठतो. कृपा ओढून नेते खरी, पण आपले पाय आपणच हलवावे लागतात.

आणि शेवटची गोष्ट. दोरी बांधली आहे कुठे? हातात नाही. हातातली दोरी हिसक्याने सुटते, तुमचे हात पाहा कसे सोलले आहेत! त्याची दोरी कमरेच्या पट्ट्याला आहे, आणि हिसका सोसावा म्हणून तिच्यात ताण घेणारा भाग आहे. आजोबा, कमर म्हटली की वारकऱ्याला कोण आठवते? विटेवर उभा असलेला तोच. दोन्ही हात कमरेवर ठेवून तो सांगतो, भक्तांनो, भवसागर एवढाच खोल आहे, भिऊ नका. त्या कमरेशी दोरी बांधा, मग मन कितीही धावो.

कुत्र्याची कोणी शरम बाळगू नये. कुत्र्याने कोरडी भाकरी पळविली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. त्यांच्या हातीही काठी नव्हती.

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी उरलेले बिस्कीट दोघांना अर्धे अर्धे दिले आणि सदऱ्याबाहेर आलेली माळ आत सारली.

पुढच्या एकादशीला ते हरिपाठाला आले. म्हणाले, "बुवा, मन अजून पळतंच." मी म्हटले, "पळू द्या. तुम्ही हाक सोडू नका."

सज्जनहो, आपणही आज एवढेच करू. काठी खाली ठेवू आणि हाक मोठ्याने देऊ.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!