दिशा आणि ठिकाण

नेम पाळला म्हणजे धर्म घडला काय? कीर्तनात हा प्रश्न आम्ही पुष्कळदा सोडविला. पण आम्हांला तो खरा पडला फाल्गुनात, करमाळ्याच्या वाटेवर.

संध्याकाळच्या कीर्तनासाठी निघालो होतो. फाट्यावर एस.टी.ची वाट पाहत असता मृदंगी म्हणाला, "बुवा, पांगाऱ्यावर बघा तरी!" पाने झडून तांबड्या फुलांनी भरलेल्या त्या झाडावर शे-दोनशे भोरड्या बसल्या होत्या. अंग गुलाबी, डोके नि पंख काळे. फुलांतला रस पीत एकच कलकलाट चाललेला. "कामाच्या वेळी पाखरे कसली बघतोस?" असे म्हणालो खरे, पण नजर आमचीही खिळली. जोंधळ्यावर पडते म्हणून शेतकरी भोरडीला शिव्या देतो. ती टोळही खाते, हे विसरतो. पावसाळा सरता सरता ती येते आणि चैत्राच्या सुमारास विणीसाठी मध्य आशियाच्या गवताळ मुलखाकडे परतते.

"हिची वारी चुकत नाही," मृदंगी म्हणाला.

आम्ही चरकलो. माघवारीला आमचा टाळकरी आला नव्हता. त्याची आई अंथरुणाला खिळलेली. चार लोकांत आम्ही त्याला म्हणालो होतो, "अरे, पाखरूसुद्धा नेम पाळते!" तेव्हापासून तो आमच्या मागे उभा राहिला नाही.

पण पाखरांचा नेम तरी कसा असतो? भोरडीच्याच कुळातल्या युरोपातील पाखरांवर पेर्डेक या डच पंडिताने केलेला प्रयोग १९५८ साली प्रसिद्ध झाला. हॉलंडमध्ये धरलेली ११,००० हून अधिक पाखरे स्वित्झर्लंडात नेऊन सोडली. पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली पिले नेहमीच्याच दिशेने उडाली आणि भलत्याच मुलखात, फ्रान्स-स्पेनकडे गेली. आधी जाऊन आलेली थोर पाखरे मात्र दिशा बदलून आपल्या नेहमीच्या मुलखाकडे वळली.

सज्जनहो, मग नेम कोणी पाळला? पिलांनी दिशा सांभाळली, ठिकाण गमावले. थोरांनी दिशा सोडली आणि ठिकाण धरले. पुंडलिकाने दारी आलेल्या देवाला विटेवर थांबविले, ते मायबापांच्या सेवेसाठीच ना? हे आम्ही जन्मभर सांगत आलो, आणि टाळकऱ्याला बोल लावताना नेमके विसरलो. याचा अर्थ वारी सोडावी असा कोणी घेऊ नये. आळसाला ही सबब चालायची नाही. नेम दिशा दाखवितो. पण कोठे जायचे आहे, याचा विसर पडला तर नेमाचा नुसता अभिमान उरतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही टाळकऱ्याच्या घरी गेलो. तो म्हातारीला पेज भरवीत होता. आम्ही हात जोडले, म्हणालो, "चुकलो." तो एवढेच म्हणाला, "बुवा, आधी बसा. आईचं जेवण होऊ द्या."

आम्ही बसून राहिलो.