मधल्या वजनाची माणसं

माझं वजन बासष्ट किलो आहे. यात अभिमान वाटावा असं काही नाही आणि लाज वाटावी असंही काही नाही. पण आजचा विषयच वजनाचा, तेव्हा लिहिणाऱ्याने आधी स्वतः काट्यावर उभं राहावं, हे बरं. हे झालं दवाखान्यातलं वजन. कचेरीत माझं वजन याच्या निम्म्यानेही नव्हतं, आणि घरी मी काट्यावर चढलो तर काटा जागचा हलत नाही, असं आमची ही म्हणते.

आमचं गाव अड्याळ. भंडाऱ्याहून पवनीकडे जाताना लागतं. एवढा पत्ता सांगावा लागतो, कारण अड्याळ म्हटलं की चार माणसांतली दोन 'म्हणजे ते टेकडीवालं का?' म्हणून हात जोडतात. ती अड्याळ टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात, ब्रह्मपुरीकडे. आम्ही साधे धानवाले. आमच्याकडे हात जोडायचे ते मारुतीला आणि पावसाला.

तर गेल्या दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत, माझा भाचा नागपूरहून आला. आमच्याकडे मामाने भाच्याच्या पाया पडायची रीत आहे, म्हणून मी वाकलो. वाकल्यावर वर बघितलं तर भाचा बराच वरपर्यंत होता. पोलीस भरतीची तयारी करता करता त्याला बॉक्सिंगचा नाद लागला, हे ऐकून होतो. बसल्याबसल्या तो म्हणाला, "मामाजी, मी आता क्रूझरवेट झालो."

मी म्हटलं, "वा! कितीला पडली?"

माझी काय चूक? आमच्या भागात क्रूझर म्हणजे वऱ्हाड नेणारी गाडी. तिच्यात सीटा बारा आणि माणसं बावीस. मी तर पुढे डिझेलचं ॲव्हरेजही विचारलं.

"गाडी नाही, मामाजी! तुमी समजूनच नाही राहिले. वजनाचा गट आहे तो. क्रूझर म्हणजे लढाऊ जहाज. बॅटलशिपपेक्षा लहान, डिस्ट्रॉयरपेक्षा मोठं."

मग त्याने मला रात्री अकरापर्यंत शिकवलं. त्यातलं जे डोक्यात राहिलं ते असं. पैसे घेऊन लढणाऱ्या बॉक्सरांमध्ये पूर्वी १७५ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७९ किलोंच्या वर जो गेला तो हेवीवेट. मग तो ऐंशी किलोंचा असो की एकशेवीस. ऐंशीवाल्याने एकशेवीसवाल्याचे ठोसे खावेत आणि घरी जावं. हे बरोबर नाही, असं वाटायला १९७९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने मधे एक नवा गट घातला. आधी त्याची वरची हद्द १९० पौंड होती, आता २०० आहे. म्हणजे नव्वद किलो आणि वर थोडं चिल्लर. दुसऱ्या एका संघटनेने याच गटाला आधी 'ज्युनिअर हेवीवेट' असं नाव दिलं होतं. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी सोळा वर्षं कनिष्ठ लिपिक होतो. माणूस ऐंशी किलोंचा झाला, जगज्जेता झाला, तरी नावामागचं 'कनिष्ठ' सुटू नये?

या गटाचा पहिला जगज्जेता मार्विन कॅमल. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचा, आईकडून तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. पहिली लढत त्याने डिसेंबर १९७९ मध्ये युगोस्लाव्हियाच्या माटे पार्लोव्हशी खेळली, ती बरोबरीत सुटली. मार्च १९८० मध्ये पुन्हा खेळला आणि जिंकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात किताब गेला. आता वाचकहो, खरं सांगा, मार्विन कॅमल हे नाव तुम्ही आजच्याआधी ऐकलं होतं? आणि महंमद अली? अलीचं नाव आमच्या पानठेल्यावरही ठाऊक आहे. मधल्या वजनाच्या माणसाचं हे असं असतं. तो जिंकतो, पण बघायला कोणी आलेलं नसतं.

म्हणून जो तो या गटातून वर पळतो. इव्हँडर होलीफील्ड १९८६ साली इथे जगज्जेता झाला, १९८८ मध्ये या गटातले सगळे किताब एकट्याने घेऊन बसला. पण जगाने त्याला ओळखलं ते तो हेवीवेटमध्ये गेल्यावर, आणि त्यातही १९९७ साली टायसनने त्याचा कान चावल्यावर. कर्तृत्व गटातलं, कीर्ती कानाची! युक्रेनचा उसिक २०१८ मध्ये क्रूझरवेटचे चारही किताब जिंकला आणि वर गेला. मे २०२४ मध्ये रियाधला त्याने टायसन फ्युरीला हरवलं. फ्युरी त्याच्याहून सतराएक किलोंनी जड आणि हातभर उंच. ती लढत भाच्याने मला मोबाइलवर दाखवली. बारा फेऱ्या मी आणि आमची ही श्वास रोखून बघत होतो. शेवटी ही म्हणाली, "त्या बारक्याला कोणी खाऊ घालत नाही का हो?" बारका एकशेएक किलोंचा होता.

इथवर सगळं गमतीचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला, तेव्हा भाचा मंडई बघायला नाही, माझ्याकडे सल्ल्याला आला आहे, हे कळलं. कोणी एक गृहस्थ त्याला पैशाची लढत देत होते. रक्कम चांगली होती. अडचण एवढीच, की समोरचा एकशेदहा किलोंचा होता आणि आमचा चौऱ्याऐंशी. बहीण म्हणाली, "दादा, त्याले तूच समजाव. माह्यं तर ऐकूनच नाही राहिला."

मला समजावायला सांगणं म्हणजे बेडकाला पोहण्याऐवजी गायला सांगणं. आवाज होतो, उपयोग होत नाही. तरी मी सुरुवात केली. खाशाबा जाधवांचं उदाहरण काढलं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलोंच्या गटात सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलोंच्या गटात त्याने कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्यानंतरचं यायला चव्वेचाळीस वर्षं गेली. मी म्हटलं, "बाळा, वजनाचा गट नसता तर त्या माणसासमोर शंभर किलोंचा कोणी उभा केला असता, आणि आपण आजही म्हणत बसलो असतो, की मराठी माणूस अंगाने कमीच पडतो. गटामुळे कळलं, कमी काय होतं ते. फक्त किलो!"

भाचा हसला. "आणि महाराष्ट्र केसरी, मामाजी? त्या गटात ८६ पासून १२५ किलोंपर्यंत सारे एकत्र. तिथं सत्त्याऐंशीवाला काय रडत बसते का? मार्सियानो माहीत आहे? हेवीवेटचा जगज्जेता. एकोणपन्नास लढती, एकही हरला नाही. वजन पंच्याऐंशीच्या आसपास. आजच्या हिशोबानं क्रूझरवेट! त्याला कोणी सांगितलं असतं, की तू आपल्या गटातच राय, तर?"

मी गप्प बसलो. उत्तर सुचत नाही तेव्हा मी चहा मागतो. चहा पिता पिता माझ्या लक्षात आलं, की आम्ही दोघंही बरोबर होतो आणि हीच पंचाईत होती. गट नसेल तर लहान माणूस चिरडतो. गट असेल तर लहान माणूस लहानच राहतो. मग न्याय तरी कशाला म्हणायचं?

शिवाय गट केला की त्यात शिरणारेही आलेच. भाचाच सांगत होता, की लढतीचं वजन बहुतेक आदल्या दिवशी होतं. त्याआधी जड माणसं पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवतात, काट्यावर हलकी होऊन दाखवतात आणि रात्रीतून खाऊनपिऊन पुन्हा फुगून रिंगणात येतात. मला यात नवल वाटलं नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्यांना मी वर्षानुवर्षं असं वजन उतरवताना पाहिलं आहे. दाखला मिळेपर्यंत कसे वाळून गेलेले असतात बिचारे! संध्याकाळी पाहावं तर पुन्हा अंग भरलेलं. आणि कचेरीत हलका कागदसुद्धा पुढे सरकायला त्यावर वजन ठेवावं लागतं, ते तर सर्वांना ठाऊकच आहे.

पण कागदाचं सोडा. मला एक जुना काटा आठवला, आणि चहा घशाखाली उतरेना.

नोकरी लागण्याआधी दोन हंगाम मी एका धानाच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होतो. काम सोपं. मापारी वजन ओरडणार, मी वहीत लिहिणार. फक्त लिहिताना प्रत्येक पोत्यामागे एक किलो कमी लिहायचं. कशाचं? धान ओला आहे त्याचं, कचरा आहे त्याचं, पोत्याचं. हे सगळं नसलं तर रिवाज आहे त्याचं. एके दिवशी एक म्हातारा शेतकरी आला. तेवीस पोती. धान असा खडखडीत वाळलेला, की मुठीत घेतला तर वाजत होता. तो व्यापाऱ्याला काही बोलला नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबू, तू शिकलेला आहेस. तूच सांग, हा ओला आहे का?"

मी काय केलं असेल? मी वहीत बघितलं. वहीत तेवीस किलो कमी लिहिलेले होते आणि अक्षर माझंच होतं, सुवाच्य. म्हातारा थोडा वेळ थांबला आणि पैसे मोजून निघून गेला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तो सामना व्यापारी आणि म्हातारा यांचा होता, माझा काय संबंध? क्रूझरवेटचा इतिहास ऐकल्यावर समजलं, की त्या सामन्यात मी पंच होतो. माझं वजन कोणी विचारलंच नव्हतं. पंचाचं वजन मोजत नाहीत. तो पन्नास किलोंचा असला तरी एकशेवीसवाल्यांच्या मधे शिरून 'बस' म्हणू शकतो, आणि ते थांबतात. त्या दिवशी मी म्हटलं नाही.

मग भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप समोर आलं. मी त्याला विचारलं, "हलका माणूस वरच्या गटात जाऊन लढू शकतो?"

"जाऊ शकते ना. उसिक गेलाच तर."

"आणि जड माणूस खालच्या गटात येऊ शकतो?"

"कसा येईन? काट्यावरच अडवतात."

"मग झालं तर! खालून वर जायला दार उघडं, वरून खाली यायला बंद. दार खालच्याच्या हातात असावं, एवढ्यासाठी गट. उसिक आपण होऊन गेला. माझ्या म्हाताऱ्याला कोणी विचारलंच नाही, की बाबा, तू या गटात लढतोस का? आता तू सांग. तू जाऊन राहिला, का तुला नेऊन राहिले?"

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामाजी, समोरच्याले सोपा माणूस पाहिजे होता. तेवढ्यासाठी मले बोलावलं."

मी त्याला 'जाऊ नको' असं म्हटलं नाही. म्हटलं, "त्या गृहस्थांना दोन गोष्टी विचार. डॉक्टर कोण आहे? आणि पंच कोण आहे, ज्याला थांबवता येतं?" भाच्याने तिथल्या तिथे फोन करून विचारलं. पलीकडून 'बघून सांगतो' असं उत्तर आलं. त्यानंतर त्या गृहस्थांचा फोन लागलेला नाही. बहिणीने मला पेढे पाठवले. भाचा मात्र म्हणून गेला, की दोन वर्षं तयारी करीन आणि मग मीच एकशेदहावाला शोधीन. त्याला माझी हरकत नाही. तेव्हा मी पाया पडायला येईन, आणि नंतर दवाखान्यातही येईन.

म्हातारा केव्हाच गेला. त्याचा मुलगा अजून धान पिकवतो. यंदा त्याचे कट्टे मोजायचे होते त्या दिवशी मी वही घेऊन काट्यापाशी जाऊन बसलो. कोणी बोलावलं नव्हतं. मोजणाऱ्या पोराने विचारलं, "काका, तुमी इथं कशाला?"

"वजन बघायला."

"कोणाचं?"

मी म्हटलं, "तू मोज रे बाबा." आणि चष्मा पुसून आकडा वाचायला लागलो. पोरगं जरा चिडलं होतं, पण त्याने दोन कट्टे पुन्हा चढवले.