कुब्जेची लीळा आणि मित्राचे सारथ्य

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात कुब्जेची कथा आहे. भगवान श्रीकृष्ण मथुरेच्या राजमार्गाने चालले असता कंसासाठी चंदनाची उटी नेणारी, तीन ठिकाणी वाकलेल्या देहाची ही दासी त्यांना भेटली. निरूपणात बहुधा एवढेच सांगितले जाते की, देवाने तिच्या पावलांवर आपले पाऊल टेकले, हनुवटीस दोन बोटे लावून तिला वर उचलले आणि ती सरळ झाली. परंतु त्याआधी काय घडले याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. देवाने आधी तिच्याजवळ चंदन मागितले. तिच्या हातची सेवा स्वीकारली, आणि मगच तिच्या देहास हात लावला. जिचे नावच तिच्या व्यंगावरून पडले होते, तिच्याजवळही देण्यासारखे काही आहे, हे देवाने प्रथम ओळखले.

ईश्वराने क्षणात केले ते जीवाच्या सामर्थ्यातले नव्हे. आपला मित्र अर्धांगवायूने पडला किंवा खाणीवर अथवा रस्त्यावर अपघात होऊन त्याचा पाय गेला, तर त्याला उभे राहण्यास महिनोन्‌महिने लागतात. वणीच्या आसपास कोळशाच्या खाणी आणि रात्रंदिवस धावणारे ट्रक आहेत. असे प्रसंग आपल्या वासनिकांच्या घरी येतच नाहीत असे कोण म्हणेल? अशा वेळी मित्राने काय करावे, हा या लेखाचा विषय.

येथे एक शंका नेहमी निघते. व्यंग हे कर्माचे फळ. मग ते ज्याचे त्याने भोगावे, आपण मध्ये का पडावे? ही शंका शास्त्राच्या अपुऱ्या अभ्यासातून येते. दुसऱ्याचे कर्म वाचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि त्याच्या दुःखाच्या वेळी आपण जवळ असणे हेही त्याच्या वाट्याला आलेलेच नव्हे काय? सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या गुडघ्याआड भ्यालेला ससा शिरला, तेव्हा स्वामींनी त्याचे पूर्वकर्म विचारले नाही. पारध्यांपासून त्याचे रक्षण केले. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसून “काय पाप केले असेल” असे पुटपुटणे ही वाचेची हिंसाच होय, मग ती कितीही हळू आवाजात केलेली असो.

वणीहून वर्धा नदी ओलांडली की जवळच वरोरा. तेथील आनंदवन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 मध्ये बाबा आमटे व साधनाताई यांनी सहा रुग्ण व एक लंगडी गाय घेऊन खडकाळ जमिनीवर वस्ती केली. ज्यांच्या हातांची बोटे झडली होती त्यांनीच तेथील जमीन कसली, विहीर खणली. पुढे कुष्ठरुग्णांबरोबर अंध, मूकबधिर आणि अपंग यांनाही तेथे शिक्षण व काम मिळाले. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, अशी बाबांची धारणा होती. ते आपल्या पंथाचे नव्हते, परंतु कुब्जेकडून आधी चंदन घेण्याचा जो क्रम वर सांगितला, तोच येथे आचरणात आलेला दिसतो.

कुष्ठरोगाची एक गोष्ट सर्वांनी समजून घ्यावी. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधांची उपचारपद्धती सुचविली, तेव्हापासून हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. पण उपचारास उशीर होऊन मेलेल्या मज्जातंतूंची संवेदना बहुधा परत येत नाही. पायात काटा रुतला तरी कळत नाही, चटका बसला तरी हात मागे येत नाही. जखम चिघळते आणि बोट जाते. म्हणून अशा मित्राचे तळवे रोज सायंकाळी पाहावे. पाय थोडा वेळ साध्या पाण्यात भिजवावे, जाड झालेली कातडी हलके घासावी, ओल्या कातडीवरच तेल लावावे. देवाच्या चरणांची सेवा करण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी मित्राच्या पायाला हात लावताना संकोच कशाला करावा?

अर्धांगवायूत वेगळे भान लागते. न हलणारा सांधा आखडतो, म्हणून तो शिकविल्याप्रमाणे रोज हलवावा. पण दुबळा हात धरून माणसाला कधी ओढू नये, खांदा निखळतो. चालताना मित्राच्या दुबळ्या बाजूस उभे राहावे आणि काठी त्याच्या सशक्त हातात द्यावी. गुडघ्याखाली पाय कापलेल्याच्या गुडघ्याखाली आपण प्रेमाने उशी ठेवतो, तेही चुकीचे. गुडघा वाकलेलाच राहिला तर पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. 1968 च्या सुमारास जयपूर येथे रामचंद्र शर्मा या कारागिराने डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या सहकार्याने जो पाय घडविला, तो घालून आज असंख्य माणसे शेतात चालतात, मांडी घालून जेवतात. पण तो पाय मिळणे ही सुरुवात आहे. त्यावर तोल सांभाळणे, घासून झालेली जखम भरू देणे, पुन्हा उभे राहणे हे सारे नंतरचे.

या नंतरच्या काळातच मित्र कमी पडतात. पहिल्या आठवड्यात घर भरून जाते, तिसऱ्या महिन्यात कोणी फिरकत नाही. आणि नेमके तेव्हाच आजारी माणूस “आता पुरे” म्हणतो.

अर्जुनाचे असेच झाले होते. अंग गळाले, तोंड सुकले, हातातून गांडीव गळून पडले. श्रीकृष्णाने ते धनुष्य उचलून स्वतः युद्ध केले नाही. शस्त्र न धरण्याचा नेम पाळून देव सारथीच राहिले, आणि अर्जुनाची एकेक शंका ऐकत, न कंटाळता, त्यांनी त्यालाच उभे केले. सदऱ्याची गुंडी लावायला मित्राला पाव घटका लागत असेल तर आपण पाव घटका थांबावे. ती आपण लावून दिली की आपला वेळ वाचतो आणि त्याचा दिवस वाया जातो. मात्र तो पडणार असेल तेव्हा हात तयार हवा. किती धरावे आणि किती सोडावे, हे पुस्तकात सापडत नाही. रोज बरोबर राहणाऱ्यालाच ते कळते. बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकाराने बसता येत नसे. तरी 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते वाहनात आडवे पडून गेले. त्यांना घरी निजवून ठेवणे सोबत्यांना सोपे गेले असते.

श्रीनागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृतात ग्रंथ करण्यापासून परावृत्त केले, कारण त्यामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकल्या असत्या. आचार्यांनी म्हातारींना संस्कृत शिकण्यास सांगितले नाही. शास्त्रच त्यांच्या भाषेत आणले. आपल्या आश्रमांच्या उंच पायऱ्यांकडे या दृष्टीने पाहावे. वणी परिसरातील उपदेशी मंडळींनी निदान एका बाजूस लोखंडी कठडा आणि एक उतरण करून घ्यावी. आणि कुबडीवर आलेल्या मित्रास कोपऱ्यात खुर्ची देऊन केवळ ऐकत बसवू नये. पोथी वाचण्याची पाळी त्यालाही द्यावी; चौथरा चढणे त्यास अवघड जात असेल तर त्या दिवशी पोथीच खाली आणावी.