मुदत संपली, दोष राहिला

सॉफ्टवेअरमधला दोष कळवणाऱ्याच्या वाट्याला आता अनेकदा माणसाचं उत्तर येतच नाही. सॉफ्टवेअर प्रकल्पांचं कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर 'स्टेल' नावाची स्वयंचलित सोय आहे. तिच्यात कुणी बदल केला नाही, तर तक्रारीवर ६० दिवस कोणी काही बोललं नाही की ती शिळी ठरते, आणि पुढचे ७ दिवसही तसेच गेले की बंद होते. दोष दुरुस्त झाला का, हा प्रश्न या हिशेबात येतच नाही.

मुदत घालणाऱ्यांची अडचण खरी आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे कितीतरी प्रकल्प दोन-तीन जण नोकरी सांभाळून चालवतात, आणि जुन्या तक्रारींच्या ढिगात आजची गंभीर तक्रार हरवते. फेडोरा या लिनक्स प्रणालीची पद्धत मला रास्त वाटते. तिथे प्रत्येक आवृत्ती साधारण १३ महिने सांभाळली जाते आणि मग तिच्यावरच्या तक्रारी मिटवल्या जातात; पण आधी सूचना मिळते, नव्या आवृत्तीतही दोष असेल तर तक्रार पुढे नेता येते. तिथे ती आवृत्तीच मागे पडलेली असते. नुसत्या शांततेला असं कोणतं कारण आहे?

संगणकाला आज्ञा देण्यासाठीच्या बॅश या प्रोग्रॅममधला 'शेलशॉक' हा दोष १९८९ पासून कोडमध्ये होता. स्तेफान शाझलास यांना तो सापडला २०१४ मध्ये. मधली २५ वर्षं त्याची चर्चा नव्हती, म्हणून तो कमी धोकादायक नव्हता.

शिवाय शांतता कोणाची, हेही पाहायला हवं. इंग्रजी अक्षर मोडलं तर 'माझ्याकडेही' म्हणणारे लगेच जमतात. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र मोडला, तर हिंदी वाचणाऱ्यालाही तो खटकणार नाही. त्याच्या भाषेत हे रूपच नाही. मराठी वाचणाऱ्याला खटकेल, पण तक्रार कुठे करायची हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ती इंग्रजीत लिहावी लागते. कुणी लिहिलीच, तर दुसरा आवाज उमटायला महिने जातात. थोड्यांची अडचण अशी मुदतीच्या नियमातच गळून जाते, आणि हा मला अन्याय वाटतो.

तक्रार बंद करायची तर माणसाने वाचून, कारण लिहून करावी. 'हे करायला आमच्याकडे कोणी नाही' हेसुद्धा प्रामाणिक उत्तर आहे. फक्त नवा पुरावा जोडायची वाट खुली ठेवावी. तोच दोष भेटलेला पुढचा माणूस शोधत त्याच नोंदीपाशी येतो, आणि कधीकधी त्याच्याकडे दुरुस्तीही असते.