पंगतीत शेजारी कोण?

खेड्यातल्या जुन्या माणसाला ‘बोर्डिंग’ म्हटलं की पत्र्याची ट्रंक, ओळीनं घातलेली अंथरुणं आणि भाकरीची चळत आठवते. आजच्या शहरी पालकाच्या डोळ्यांपुढे त्याच शब्दानं पाचगणीची हिरवळ आणि लाखांतली फी उभी राहते. काळजी मात्र दोघांची सारखीच आहे : दहा-अकरा वर्षांचं पोर आपण कुणाच्या हवाली करतो आहोत?

शाळा निवडताना आपण आधी दहावीचा निकाल विचारतो. पण वर्ग सहा-सात तास भरतो. उरलेल्या वेळात मूल जेवतं, खेळतं, भांडतं, घरच्या आठवणीनं रडतं आणि झोपी जातं. घरून शाळेत जाणारं मूल दुपारचा अपमान संध्याकाळी आईजवळ बोलून मोकळं होतं. निवासी शाळेत चिडवणारा आणि चिडवला गेलेला रात्री शेजारशेजारच्या खाटांवर असतात. ज्याला रात्री धास्ती वाटते, त्याचं सकाळी गणितात लक्ष लागत नाही. म्हणून इथं अभ्यास आणि सहवास यांची वेगवेगळी गुणपत्रिका मांडता येत नाही.

हे महाराष्ट्राला फार पूर्वी उमगलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी करवली. शिकायला आलेल्या पोराला आधी छप्पर आणि अन्न हवं, हे त्यांनी ओळखलं. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि त्याच्या एक पाऊल पुढं गेले. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं जेवत. त्या चुलीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडलं. त्या मुलांचा सर्वांत मोठा धडा पुस्तकात नव्हता, तो पंगतीत होता.

आज पंगतीची हीच कसोटी केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयांना लावून पाहावी. जिल्ह्यातल्या मुलांसाठी सहावीच्या प्रवेशाची परीक्षा होते, किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात. नववीत काही विद्यार्थी वर्षभर दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयमध्ये जातात. एखाद्या मुलाला हे वर्ष जन्मभराचे मित्र देतं, तर एखादं मूल त्यात एकटं पडतं. आपलं मूल कसं आहे, हे प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी आपल्याला माहीत असायला हवं.

अभ्यासाचा मेळही असाच, मुलागणिक वेगळा. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जाण्याचं ध्येय आणि घड्याळावर चालणारी शिस्त हा अशा शाळेचा कणा. शिस्तीत खुलणाऱ्या मुलाला ती हक्काची जागा वाटेल. राजगुरुनगरजवळची सह्याद्री शाळा तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या विचारातून उभी राहिली. त्या विचारात मुलांची एकमेकांशी तुलना करायला जागा नाही. तिथं रमणारं मूल वेगळं. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असं काही नाही. सर्वांत हुशार मुलांची शाळा आपल्या मुलासाठी सर्वांत चांगली असेलच, असंही नाही. गावात पहिलं येणारं पोर तिथं एकदम चाळिसावं आलं, तर त्या रात्री त्याच्याशी कोण बोलणार, हे आधी विचारावं.

म्हणून शाळा पाहायला शक्यतो संध्याकाळी जावं. मेसमध्ये मुलांबरोबर जेवावं. ताप आला तर रात्री कुणाला उठवायचं, गणित अडलं तर कोण समजावतं, घरी फोन कधी लावता येतो, हे मुलांनाच विचारावं. उत्तर देताना ती रेक्टरकडे पाहतात का, याकडे लक्ष असू द्यावं. आणि सगळ्यांत आधी आपल्या मुलाला विचारावं, ‘तुला जायचंय का?’ त्याचा नकार हासुद्धा निर्णयातला एक आवाज आहे.

पहिल्या सुट्टीत मूल घरी आलं की टक्केवारी मागाहून विचारावी. आधी विचारावं, ‘जेवताना तुझ्या शेजारी कोण बसतं?’ त्यानं क्षणाचाही विचार न करता एक नाव घेतलं, तर शाळा त्याला मानवली असं समजावं. ते गप्प राहिलं, तर ट्रंक पुन्हा भरायची घाई करू नये.