व्यास जुळला म्हणून गोळी जुळत नाही

खाली बस, आणि तो डबा टेबलावर ठेव. टांझानियात रानरेड्याच्या शिकारीला निघाला आहेस. परवाना हातात आहे, .४५८ विंचेस्टर मॅग्नम रायफल आहे, आणि काडतुसांत भरून घेतली आहेस ३०० ग्रेनची, पातळ कवचाची, पोकळ टोकाची गोळी. का, असं विचारलं तर तुझी तीन उत्तरं. खांद्याला धक्का कमी बसतो. वेग जास्त मिळतो. शंभर मीटरवर कागदावर तीन भोकं एकमेकांना चिकटून पडतात. तिन्ही उत्तरांत तू आहेस. ज्याच्या अंगात ती गोळी शिरायची, ते जनावर एकाही उत्तरात नाही.

ही गोळी कशासाठी बनली, हे कुणाला विचारलंस? ती .४५-७० साठीची आहे. ते अमेरिकी लष्कराचं १८७३ सालचं काडतूस, ४०५ ग्रेनचं शिसं सेकंदाला चारशेएक मीटर वेगाने फेकणारं. आजही तिकडे लिव्हरच्या रायफलींतून ते हरणावर वापरतात. एवढ्या कमी वेगातही गोळीचं तोंड उघडावं म्हणून तिचं शिसं मऊ आणि वरचं तांब्याचं कवच पातळ ठेवतात. तुझ्या रायफलीचं काडतूस १९५६ सालचं. ५०० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ६४० मीटर वेगाने सोडावी, हा त्याचा हेतू. त्याच नळीतून तू ही मऊ गोळी साडेसातशे मीटरच्या आसपास वेगाने सोडणार! दोन्ही गोळ्यांचा व्यास .४५८ इंच, एवढ्या आधारावर तू निकाल लावलास.

आता समोर काय उभं राहणार आहे ते ऐक. सहाशे ते आठशे किलोचा नर. चिखलात लोळून अंगावर मातीचं वाळलेलं पुट. त्याखाली जाड कातडी, मग मांस, फऱ्याचं हाड, रुंद बरगड्या, आणि त्यांच्या मागे काळीज आणि फुफ्फुसं. तुझी गोळी फऱ्यावरच फुटेल. वर मोठं भगदाड दिसेल, मांसाच्या चिंध्या होतील, आणि आतलं काळीज धडधडत राहील. तो नर झाडीत शिरेल आणि थांबेल. कोणाची वाट पाहत थांबेल, ते तू समजून घे.

१९४६ साली जॉन नॉस्लर नावाच्या माणसाने ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर .३०० मॅग्नममधून गोळ्या झाडल्या. जनावराच्या अंगावर वाळलेला चिखल होता. गोळ्या वरच्यावर उघडल्या, आत गेल्याच नाहीत. त्याने नशिबाला दोष दिला नाही. घरी जाऊन त्याने अशी गोळी घडवली, की तिच्या पोटात तांब्याची आडवी भिंत. पुढचा भाग उघडतो, मागचा अर्धा भाग तसाच राहून खोल जातो. एका फसलेल्या शिकारीतून तो एवढं शिकला. ते सगळं तुला आयतं मिळालं होतं, आणि तू दुकानातला सर्वांत हलका डबा उचललास.

वजनाचंही तुला गणित येत नाही. पौंडातल्या वजनाला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भाग. ५०० ग्रेनच्या गोळीचा आकडा .३४० येतो, तुझ्या गोळीचा .२०४. तेच ३०० ग्रेन .३७५ च्या सडपातळ गोळीत असतील तर .३०५. घडण सारखी असेल तर हा आकडा जेवढा मोठा, तेवढी गोळी हाडामांसातून पुढे रेटत जाते. म्हणजे मोठी रायफल घेऊन तू तिच्यापेक्षा लहान रायफलीहून दुबळा होऊन निघाला आहेस.

आणि मला कॅरामोजो बेलचं नाव सांगू नकोस. त्याने सात मिलिमीटरच्या लहान रायफलीने शेकडो हत्ती मारले, हे मलाही माहीत आहे. पण त्याची गोळी कोणती होती? १७३ ग्रेनची, लांब, गोल नाकाची, न उघडणारी. हत्तीच्या कवटीचं हाड पोळ्यासारखं पोकळ-पोकळ असतं आणि मेंदू त्याच्या खूप आत. बेलने कवट्या कापून तो मेंदू कुठे आहे ते पाहिलं, आणि तिथपर्यंत सरळ जाणारी गोळी निवडली. त्याच्याकडून लहान रायफल उचलायची आणि अभ्यास तिथेच सोडायचा, याला शिकणं म्हणत नाहीत.

एवढं ऐकून आता सगळ्याच गोळ्या सॉलिड, म्हणजे न उघडणाऱ्या, घेशील, तर तेही चूक. रानरेडे कळपाने असतात. सॉलिड गोळी एकाच्या आरपार जाऊन मागच्या गाभण म्हशीला लागू शकते. म्हणून पहिली गोळी जाड कवचाची, शिसं कवचाला पक्कं जोडलेली सॉफ्ट, म्हणजे उघडणारी. जनावर वळून पळू लागलं की मागून सॉलिड. आणि दोन्ही एकाच ठिकाणी लागतात का, हे रेंजवर बघायचं. ते तू बघितलेलं नाहीस, तुझ्या चेहऱ्यावरून कळतंय.

भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. त्यामुळे घरात शिकवणारं कुणी नव्हतं, हे तुझं कारण मी मान्य करतो. पण विचारायला तोंड होतं, वाचायला डोळे होते. आळस मी मान्य करणार नाही.

कारण त्या झाडीत सर्वांत पुढे तू नसणार. रक्ताचा माग काढणारा माणूस पुढे असतो, मान खाली घालून, बहुतेकदा हातात काठीशिवाय काही नसताना. त्याला घरदार आहे. तुझा खांदा दुखू नये म्हणून त्याने जीव का धोक्यात घालायचा? जखमी होऊन निसटलेल्या जनावराचेही पैसे भरावे लागतात. ते भरून तू सुटशील. पोटात तुकडे घेऊन दिवसेंदिवस कुढत मरणारं जनावर सुटत नाही.

आता सांगतो ते कर. हा डबा परत दे. ५०० ग्रेनच्या सॉफ्ट आणि सॉलिड, दोन्ही आण. रानरेड्याच्या सांगाड्याचं चित्र काढ. समोरून, आडवा आणि तिरका उभा असताना काळीज कुठे येतं ते न बघता दाखव. मग उभ्याने, बाकाचा आधार न घेता, पन्नास मीटरवरून दोन्ही गोळ्या मारून दाखव. धक्का सोसत नसेल तर .३७५ घे, तिच्यातही भारी गोळीच घे. त्यात कमीपणा नाही. तेही जमणार नसेल तर परवाना रद्द कर आणि कॅमेरा घेऊन जा.