जुन्या वस्तूचे मोल

हैदराबादेत पुराना पुलाच्या परिसरात दर गुरुवारी जुमेरात बाजार भरतो. हा पूल १५७८ सालचा, म्हणजे १५९१ साली वसलेल्या शहराहूनही जुना. त्याच्या सान्निध्यात जुन्या वस्तूंचा बाजार भरावा हे शोभून दिसते. पितळेची भांडी, कुलुपे, घड्याळे, अवजारे, वापरलेले कपडे असे नाना प्रकारचे सामान तेथे मांडलेले असते. रविवारी आबिद्सच्या पदपथांवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. अशा बाजारात वस्तू घ्यावी की घेऊ नये, आणि घ्यावी तर कोणत्या भावाने, हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसला तरी वस्तुतः धर्माचा आहे.

दुसऱ्याने वापरलेली वस्तू आपल्या घरात कशी आणावी, असा संकोच आपल्याकडील पुष्कळ कुटुंबांत असतो. परंतु या संकोचाला शास्त्राचा आधार थोडाच आहे. मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांनीही द्रव्यशुद्धीचा विचार तपशिलाने केला असून, धातूची शुद्धी राखेने, आम्लाने व पाण्याने, वस्त्राची धुण्याने होते असे सांगितले आहे. चिंच लावून घासलेले व कल्हई केलेले पातेले कालपर्यंत कोणाच्या चुलीवर होते, हे कोणी विचारीत नाही. आपण स्वतः बोहारणीला जुनी लुगडी देऊन भांडी घेतोच. ती लुगडी पुढे कोणाच्या तरी अंगावर जातात. तात्पर्य, वस्तूला लागलेला दोष धुऊन निघतो. न धुतला जाणारा दोष असेल तर तो वस्तू मिळविण्याच्या रीतीत असतो.

याविषयी धर्मशास्त्राने आश्चर्य वाटावे इतका बारीक विचार केला आहे. मालक नसलेल्याने वस्तू विकणे, म्हणजे अस्वामिविक्रय, हे व्यवहाराच्या अठरा पदांपैकी एक. याज्ञवल्क्य म्हणतो की खरा धनी आपली वस्तू परत घेऊ शकतो. आणि जिच्याजवळ ती असण्याचा संभव नाही अशा व्यक्तीकडून, एकांतात, अवेळी किंवा फार थोड्या किमतीला जो ती विकत घेतो, तो घेणाराही चोरच. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विख्यात मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने कल्याणी येथे लिहिली. तेच आजचे बसवकल्याण, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच असलेले. या वचनात अतिस्वस्त भावाची गणना दोषाच्या खुणांत केली आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. आपण मात्र तीच गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना अभिमानाने सांगतो.

चोरीच्या मालापुरता हा विचार कोणीही मान्य करील. खरी अडचण त्यापुढे आहे. विकणारा स्वतःच धनी असेल, पण गरजेने गांजला असेल, तर? १९४९ साली जहागिरी रद्द झाल्या. ती गोष्ट न्याय्यच होती. परंतु त्या उत्पन्नावर जगणाऱ्या अनेक घरांतून, आणि त्यांच्या आश्रितांच्या घरांतूनही, पुढे सामान बाहेर पडू लागले. असे प्रसंग नवाबांच्या देवड्यांपुरते नसतात. दुखणे, कर्ज किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू, यांपैकी काहीही पुरते. लग्नात मिळालेले, वर नाव घातलेले तांब्याचे घंगाळ मग मोडीच्या भावाने जाते. त्यावरील अक्षरे वाचता येतात, आणि तरीही घेणारा वजनाचेच पैसे देतो.

येथे कोणी म्हणेल, ‘त्याने राजीखुशीने विकले, मी राजीखुशीने घेतले, यात अधर्म कोठे आला?’ मनूने बळाने घडविलेला व्यवहार न झाल्यासारखाच मानला आहे. भूक हे कोणा माणसाने केलेले बळ नव्हे, हे खरे. ती गरज घेणाऱ्याने निर्माण केलेली नसते. परंतु तिचा उपयोग करून भाव पाडणे हे मात्र त्याचे स्वतःचे कृत्य असते. विकणाऱ्याची संमती त्याला न्यायालयात निर्दोष ठरवील. अंतःकरणात ठरवीलच असे नाही.

याचा अर्थ घासाघीस हे पाप, असा मुळीच नाही. थंडीसाठी जुना कोट घेणारा मजूर चार रुपये वाचवितो, ती त्याची काटकसर आहे, आणि काटकसर हा गृहस्थाश्रमाचा गुणच आहे. जुनी वस्तू शोधून, दुरुस्त करून, गिऱ्हाईक येईपर्यंत सांभाळून विकणाऱ्या व्यापाऱ्याचा नफाही श्रमाचाच आहे. दोष येतो तो दोन ठिकाणी: वस्तूचे मोल आपल्याला ठाऊक असून विकणाऱ्याच्या अज्ञानावर आपण मौन धरतो तेव्हा, आणि त्याची निकड ओळखून थांबून राहतो तेव्हा. आज हा व्यवहार भ्रमणध्वनीवरूनही होतो. तेथे समोरचा चेहरा दिसत नाही, म्हणून थांबून राहणे अधिकच सोपे झाले आहे.

आपल्या देवळांतील एका रीतीकडे या दृष्टीने पाहावे. गोव्यात उत्सवानंतर देवापुढील नारळ, केळ्यांचे घड यांची पावणी होते. बाजारात थोडक्या पैशांत मिळणाऱ्या नारळासाठी भाविक कितीतरी पट बोली बोलतो आणि आनंदाने घरी नेतो. ती वस्तूही एका अर्थी दुसऱ्याची झालेलीच असते. पण ती कोणाची होती हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून तिचे मोल वाढते. बाजारातील घंगाळ कोणाचे होते हे मात्र आपण विचारीत नाही, कारण ते कळले तर भाव पाडणे जड जाईल.

म्हणून जुनी वस्तू अवश्य घ्यावी. उपयोगी वस्तू फेकून देण्यापेक्षा ती दुसऱ्या घरी नांदणे केव्हाही बरे. फक्त देणे चुकते करण्यापूर्वी मनाशी एकच विचारावे: या वस्तूविषयी मला जे ठाऊक आहे ते सर्व विकणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि त्याला उद्यापर्यंत थांबता आले असते, तर त्याने याच भावाने ती दिली असती काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर तेवढी रक्कम अजून आपल्याकडे देणे आहे असे समजावे, आणि तो समोर उभा आहे तोवर ती त्याच्या हाती ठेवावी.